मार्थामावशीला आणायला गेले तेव्हा

आमच्या वसईच्या दफनभूमीत जागा थोडी आणि गिऱ्हाईक फार. त्यामुळे एकदा पुरलेला माणूस कायमचा तिथंच राहील याची खात्री नसते. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी गोळा करून एका लहान पेटीत ठेवतात आणि ती पेटी भिंतीतल्या खणात जाते. परक्याला हे ऐकून शहारे येतात, आम्हाला त्यात काही वाटत नाही. माझे आजी-आजोबा असेच एका खणात शेजारीशेजारी आहेत आणि त्यांच्या बाजूला आणखी एका पेटीपुरती जागा रिकामी आहे. ती आईनं स्वतःसाठी राखली असेल असं मला वाटायचं. पण ती होती तिच्या थोरल्या बहिणीसाठी, मार्थामावशीसाठी.

मावशी नन होती. तरुणपणी नर्सिंग शिकली आणि मराठवाड्यात गेली, ती तिकडचीच झाली. देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात तिच्या संस्थेचा छोटा दवाखाना होता. लॉकडाउनमध्ये ती म्हातारपणानं गेली. जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या, आमच्यापैकी कुणालाच पोचता आलं नाही. बातमी फोनवर आली, आम्ही रडलोही फोनवरच. तेव्हापासून आईचं एकच टुमणं, "मी डोळे मिटायच्या आत माझी बहीण घरी आली पाहिजे." आई आता नव्वदीला टेकली आहे. या नाताळात तिनं केकचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. मला म्हणाली, "लुइझा, तू रिटायर झालीस, पाय अजून धड आहेत. जा, तिथल्या लोकांना विचार आणि तिला घेऊन यायचं ठरवून ये." संस्थेनं निर्णय घरच्यांवर सोडला होता. सरकारी परवानगीचं लातूरचे फादर बघणार होते. उरलं होतं ते फक्त गावाला विचारणं.

आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये मावशी संत होती अशी कुजबुज हल्ली चालते. संतांच्या नातेवाइकांचा या गोष्टीवर लवकर विश्वास बसत नाही, त्यांनी त्यांना घोरताना ऐकलेलं असतं. मला तिचं एकच गूढ ठाऊक होतं. सुट्टीवर आली की ती मासळीला शिवायची नाही. वसईत जन्मलेली बाई, समोर तळलेलं पापलेट, आणि ही आपली वरणभात कालवतेय. आई ते स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाचा अपमान समजायची. मी भूगोलाची मास्तरीण, चौकशी केल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. पण या प्रश्नाला मावशी नुसती हसायची आणि आणखी भात वाढून घ्यायची.

नांदेड

आधी नांदेडला उतरले, कारण मावशीबरोबर त्या दवाखान्यात अर्धं आयुष्य काढलेल्या सिस्टर लिली आता तिथं असतात. मूळच्या केरळच्या. त्यांच्यासाठी मी सुक्या मासळीतला जवळा नेला होता. पिशवी उघडून त्यांनी डोळे मिटले आणि असा काही श्वास घेतला की मला माझ्या आगमनापेक्षा जवळ्याचं स्वागत जास्त झाल्यासारखं वाटलं. अर्धा ठेवून घेतला आणि उरलेला परत दिला. "इथं वास आला की स्वयंपाकघरवाली बाई भांडते. तू वाटेत कुणाला तरी दे."

त्या सांगत होत्या, "दवाखाना बंद झाला, कारण आता देवणीला, उदगीरला मोठे दवाखाने झाले. आम्ही सगळ्या सामान बांधून राहिलो होतो आणि मार्था आपली दारातल्या तुळशीला पाणी घालून राहिली होती. म्हटलं, चल. तर म्हणते, माझं थोडं काम राहिलंय. काय काम, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही." मोठ्या सिस्टरांनी शेवटी कंटाळून परवानगी दिली. मावशी एका खोलीत एकटी राहिली.

मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा सिस्टर लिली म्हणाल्या, "ते लोक तुला नाही म्हणणार नाहीत. तेच अवघड जाईल बघ तुला."

मला ते तेव्हा समजलं नाही. मी मनात भांडणाची तयारी करूनच निघाले होते.

उदगीर

नांदेडहून उदगीरच्या एसटीत बसले आणि खिडकीतून काळी जमीन पाहत राहिले. "काळी कसदार मृदा" हे शब्द मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले, पण ती इतकी काळी असेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे केळीची वाडी संपते तिथं शेजाऱ्याचं कुंपण लागतं. इथं तूर, हरभरा, करडई, मध्येच ज्वारीचा पट्टा, आणि कुंपण असं नाहीच. माझ्या पिशवीतला जवळा एव्हाना साऱ्या बसला कळला होता. पुढच्या बाकावरचे आजोबा दोनदा मागं वळून पाहून सरळ दारापाशी जाऊन उभे राहिले.

उदगीरच्या बाजारात चालायला जागा नव्हती. हिरवा वाटाणा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, मातीची मडकी. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, या भागातली येळवस. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या शेतात जेवतं, गावात म्हणे कुत्रंसुद्धा उरत नाही. चहा घेतला त्या दुकानदारानं मला विचारलं, "उद्या कुणाच्या शेतात जेवायला?" मी म्हटलं, माझं इथं शेत नाही. त्याला माझी खरोखर दया आली. "मग आमच्या शेतात या की. येळवशीला कुणी घरात बसतंय व्हय?" नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. आमच्याकडे नाताळच्या जेवणाला आधी पाहुण्यांची यादी होते आणि मग त्या यादीवरून रुसवेफुगवे होतात.

देवणीच्या पुढं

गावात नीलाबाईंच्या घरी उतरायचं ठरलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. घर लिंगायतांचं. मावशीच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ होत्या त्या ह्याच. मी पाया पडू लागले तर त्यांनी मला उठवून छातीशी धरलं आणि लगेच बाजूला केलं.

"ताई, तुमच्या पिशवीत काय हाय?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिंगायतांच्या घरात, देवघरापासून चार पावलांवर, मी सुका जवळा आणून ठेवला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नीलाबाईंच्या सुनेनं पदर नाकाला लावला. नीलाबाई मात्र हसायला लागल्या. मावशीला गावात सगळे अक्का म्हणत.

"अक्काच्या गावाचा वास हाय म्हना की."

पिशवी अंगणातल्या लिंबाला उंच टांगण्यात आली. एक मांजर तिच्याखाली येऊन बसलं ते मी निघेपर्यंत हललं नाही. मी आणलेला नाताळच्या नेवऱ्यांचा डबा मात्र नीलाबाईंनी उघडून पाहिला, "ह्या तर आमच्या करंज्याच हायत," म्हणून देवापुढं ठेवला.

मासळीचं गूढ त्या जवळ्यामुळं उकललं. संध्याकाळी नीलाबाई दुसऱ्या दिवसासाठी शेंगा सोलत बसल्या होत्या, मीही बसले. त्या सांगू लागल्या. मावशी नवी आली तेव्हा गावातल्या या आळीत तिला कुणी ओट्याच्या वर येऊ देत नसे. औषध घेत, पण अंगणातून. "तवा ती मासळी खायची. कुटून तरी मागवायची, वास यायचा. एक दिस माझ्या सासूनं तोंडावर सांगितलं, बाई, तू लई चांगली हायस, पर तुज्या हातचं पानी आमाला चालत न्हाई. अक्का काय बोलली न्हाई. त्या दिसापासनं सोडली."

"कायमची? आमच्या घरी यायची तेव्हासुद्धा खायची नाही."

"कायमचीच. सासू म्हनायची, हिनं देव सोडला न्हाई, मासळी सोडली."

मी शेंगा सोलायची थांबले. आई इतकी वर्षं ज्याला अपमान म्हणत होती ते हे होतं. मला मावशीचा जरा रागही आला. सांगितलं असतं तर आमच्या तोंडची चव काही गेली नसती. पण सांगितलं असतं तर आम्ही तिला त्यागी बिगी म्हटलं असतं आणि तिला ते मुळीच नको असणार.

मग मी मुद्द्याचं विचारलं. ती धर्माबद्दल, देवाबद्दल काय शिकवायची? पॅरिशच्या लोकांना हेच हवं होतं.

नीलाबाईंनी विचार केला. "शिकवलं असं काय न्हाई बगा. मागायची."

"मागायची म्हणजे?"

"कुनाच्याबी घरी गेली की आदी कायतरी मागायची. पानी माग, मीठ माग, चिमटीभर हळद माग. मांगवाड्यात गेली तर तितंबी आदी पानी मागून प्यायची, मग लेकराला हात लावायची. मी एकदा इचारलं, अक्का, तुज्याकडं मीठ न्हाई व्हय? तर म्हनली, हाय. पर नुसतं देनाऱ्याचा हात वर ऱ्हातो नीला. आदी मी खाली धरते, मग वर धरते. मग दोगी सारक्या."

आयुष्यभर चर्चमध्ये दानधर्मावर प्रवचनं ऐकली, पेट्यांत पैसे टाकले, जुने कपडे वाटले. ज्यांना दिले त्यांच्याकडं मी कधी घोटभर पाणी मागितलं नव्हतं. ते मनाला लागलं, हे इथं लिहूनच टाकते.

अंधार पडायच्या आत मी कबर बघून यायचं म्हटलं. नीलाबाईंची सून मला गावाबाहेर रुद्रभूमीत घेऊन गेली. लिंगायत आपली माणसं जाळत नाहीत, पुरतात, त्यांची ही जागा. बेलाच्या झाडाजवळ चुन्यानं रंगवलेला एक ओटा आणि त्यावर लोखंडी क्रूस. मी गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली. पण डोळे उघडल्यावर नजर पुन्हा पुन्हा ओट्याकडं जाऊ लागली. ओटा चौकोनी होता आणि फारच लहान. मावशी आमच्या घराण्यातली सर्वांत उंच बाई. दारातून येताना मान वाकवायची. या एवढ्याशा जागेत ती मावली कशी?

घाईगडबडीत जागा कमी दिली, असंच माझ्या मनानं घेतलं. शेवटी परकी ती परकीच, असं मनात म्हणत झोपले. मघाशी ऐकलेलं सगळं त्या रागात वाहून गेलं.

येळवस

सकाळी बायका टोपल्या डोक्यावर घेऊन शेताकडं निघाल्या. शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची खोप केलेली, आत चुना लावलेले पाच दगड. ते पाच पांडव. आमच्याकडे नाताळात गवताचा गोठा करतात, लांबून ती खोप अगदी तशीच दिसली. एकानं आंबिलीचं मडकं खांद्यावर घेऊन शेताला फेरी घातली आणि कानडीत आरोळ्या देत आंबील शिंपडली. मग पंगत. सगळ्या शेंगा एकत्र घोटून केलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि गाडग्यातून आंबील. भज्जी मी इतकी खाल्ली की वाढणारीच म्हणाली, "खावा, लाजू नका, आजून लई हाय." आंबील पहिल्या घोटाला आंबट लागली, तिसऱ्या गाडग्याला मी स्वतः हात पुढं केला.

जेवणानंतर स्वामी आले. गावातले जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. एरवी पिठाची गिरणी चालवतात. वाळलेल्या अंगाचे, हळू बोलणारे. मावशीला माती त्यांनीच दिली होती. नीलाबाई, स्वामी आणि मी चिंचेखाली बसलो आणि मी माझं म्हणणं मांडलं. आईचं वय, खणातली जागा, तिचा हट्ट. मी मुद्दाम कोरडं बोलले, कारण आवाज ओला झाला असता तर मला पुढचं म्हणता आलं नसतं.

नीलाबाईंनी मान खाली घातली आणि गवताची काडी मोडत बसल्या. स्वामी म्हणाले, "न्या. तुमचं मानूस हाय. आमच्यात एकदा समादी झाकली की उघडत न्हाईत. पर अक्कानं मागितल्यावर ह्या गावात कुनी न्हाई म्हनलं न्हाई, तिच्या मानसाला कसं म्हनावं? फकस्त एक सांगतो, समादी उघडायच्या आदी तुमाला ठावं पाहिजे. ती बसल्याली हाय."

"बसलेली?"

"हाव. आमच्यात बसवूनच माती देतात."

चौकोनी ओट्याचा उलगडा झाला आणि माझं डोकं फिरलं. आमच्या प्रार्थनेत मेलेला माणूस झोपलेला असतो. प्रभूत निद्रिस्त, असं दगडावर कोरतो आम्ही. पाय सरळ, हात छातीवर. माझी मावशी इतकी वर्षं जमिनीखाली मांडी घालून बसली आहे, ही कल्पनाच मला सहन होईना. मी चढ्या आवाजात विचारलं, "कुणाला विचारून केलंत हे?"

"फादरनाच इचारलं की," स्वामी शांतपणे म्हणाले. "तेंचा लातूरहून फोन आला. रस्ते बंद, येता येईना. तेंचं एकच, जाळू नका, माती द्या. मी म्हनलं, फिकर करू नका, आमच्यातबी मातीच आस्ती. तेंचा जीव भांड्यात पडला, माजाबी पडला. निजवायचं का बसवायचं, हे तेंनी इचारलं न्हाई, माज्या ध्यानात आलं न्हाई. मग रस्ते खुले झाल्यावर फादर आले, पानी शिंपडलं, क्रूस बसवून गेले. तवा सांगावं वाटलं. पर म्हनलं, बसल्या मानसाला आता कशाला उठवावं."

दोघांनी एकमेकांची काळजी मिटवली होती आणि दोघेही खरं बोलले होते.

मग नीलाबाई बोलल्या. त्यांनीच मावशीला अंघोळ घातली होती, पांढरा झगा चढवला होता. रुद्रभूमीत न्यायचं ठरलं तेव्हा काही जणांनी अडवलं. हिच्या गळ्यात लिंग नाही, हिला आपल्यात जागा कशी? "भांडनं लागली. हे सोमी म्हनले, तुमच्या गळ्यात तुमचं हाय, तिच्या गळ्यात तिचं हाय. चला, उचला." त्यांच्यात शेवटी लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, तसा तिच्या तळहातावर तिच्या गळ्यातला क्रूस ठेवला. तिची गाणी कुणाला येत नव्हती, म्हणून आपलीच भजनं म्हटली. "परक्याला आमी बसवत न्हाई, ताई."

आदल्या रात्री मी काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला त्यांच्याकडं बघवेना.

आता फोन करायचा होता. रेंज फक्त विहिरीच्या काठावर मिळत होती, तिथं जाऊन उभी राहिले. खोटं बोलायचा मोह झाला. सरकार परवानगी देत नाही, एवढं म्हटलं असतं तर आई चार दिवस रडून गप्प झाली असती, आणि मावशी कशी पुरली आहे हे तिला कधी कळलंच नसतं. पण नव्वदीच्या बाईनं मला पाठवलं होतं ते खरं काय ते आणायला. स्वामी आणि नीलाबाई माझ्यामागं थोड्या अंतरावर येऊन थांबले होते. त्यांना ऐकायचं नव्हतं, पण तिथून जाववतही नव्हतं.

आईला कमी ऐकू येतं. मला सगळं ओरडून सांगावं लागलं, मासळीचं, मिठाचं, फादरांच्या फोनचं, भांडणाचं, आणि शेवटी बसवल्याचं. बसवल्याचं दोनदा सांगितलं. ते न्या म्हणतायत, हेही सांगितलं. पलीकडून काहीच येईना. लाइन तुटली असं वाटून मी फोन कानापासून काढणार, तोच आई बोलली. तिचं वसईकडचं सामवेदी बोलणं इथं सोपं करून लिहिते.

"पाठीला टेकू आहे का तिच्या?"

मी वळून स्वामींना विचारलं. ते घाईनं म्हणाले, "हाव, हाव. मागं कोनाडा करून भितीला टेकवून बसवलंय. नीट बसवलंय, सांगा तेंना."

मी सांगितलं.

"आमची आई गेली तेव्हा मार्था शाळेत होती," आई म्हणाली. "त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना वाढायची आणि स्वतः चुलीपाशी उभ्यानं दोन घास खायची. म्हटलं, बस, तर म्हणायची, कुणाला काही लागलं तर? मग नर्स झाली, तिथंही उभीच. मी तिला कधी बसलेली बघितली नाही गं."

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नको उठवू," आई म्हणाली. "बसू दे तिला."